रेनिसफ्यारा : आइसलँडमधील वीक गावाजवळचा काळ्या गोट्यांचा किनारा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइसलँडच्या सहलीचा बेत ठरला की मराठी प्रवाशांकडून या किनाऱ्याविषयी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. ते येथे एकत्र करून त्यांची उत्तरे दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल त्यांनी निदान ७ ते १० हे प्रश्न वाचल्याशिवाय किनाऱ्यावर उतरू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

१. हा किनारा नेमका कुठे आहे आणि त्याच्या नावाचा उच्चार कसा करायचा?

आइसलँडच्या दक्षिण टोकाला वीक नावाचे एक छोटे गाव आहे. त्याचे पूर्ण नाव ‘वीक ई मिरदाल’ असे असून ‘वीक’ या शब्दाचा अर्थ लहानशी खाडी किंवा उपसागर असा होतो. गावाच्या पश्चिमेला रेनिसफ्याट्ल नावाचा सुमारे ३४० मीटर उंचीचा डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्याच्या पलीकडच्या बाजूला रेनिसफ्यारा हा किनारा आहे. ‘फ्यारा’ म्हणजे समुद्रकिनारा. राजधानी रेकयाविकपासून वीक सुमारे १८७ किलोमीटरवर आहे आणि संपूर्ण देशाला वळसा घालणारा क्रमांक १ चा महामार्ग या गावातूनच जातो. वीकला पोहोचण्याच्या थोडे आधी २१५ क्रमांकाचा फाटा समुद्राकडे वळतो. तो सरळ किनाऱ्याच्या वाहनतळाशी संपतो.

२. किनारा वाळूचा आहे की गोट्यांचा? आणि तो इतका काळा कशामुळे?

दोन्ही आहे, आणि त्यांचे प्रमाण हंगामागणिक बदलत राहते. एखाद्या वादळानंतर बारीक काळी वाळू वाहून जाते आणि हाताच्या मुठीएवढे गुळगुळीत गोटे उघडे पडतात. काही आठवड्यांनी त्यांच्यावर पुन्हा वाळू चढते. त्यामुळे छायाचित्रात पाहिलेला किनारा आणि प्रत्यक्षात समोर आलेला किनारा यांत फरक दिसला तर गोंधळून जाऊ नये.

काळा रंग बेसॉल्टचा आहे. आइसलँडची भूमी ज्वालामुखींनी घडवलेली आहे. या किनाऱ्याच्या उत्तरेला मिरदाल्सयोकुट्ल ही हिमचादर पसरली आहे आणि तिच्या पोटात काटला हा ज्वालामुखी आहे. १९१८ साली काटलाचा मोठा उद्रेक झाला तेव्हा वितळलेल्या बर्फाचे पूर राख, वाळू आणि दगड घेऊन समुद्रापर्यंत धावले आणि त्या गाळाने वीकच्या पूर्वेकडील किनारा समुद्राच्या दिशेने पुढे सरकवला. असा गाळ आणि डोंगरकड्यांवरून कोसळणारे दगड समुद्र अखंड घोटत राहतो. हे गोटे म्हणजे त्या घोटण्याचेच फळ.

३. आमच्या रत्नागिरीतही ‘काळा समुद्र’ आहे. हा त्याच प्रकारचा किनारा आहे का?

नाते आहे, पण प्रकार तोच नाही. रत्नागिरीच्या पुळणीतील काळेपणा मुख्यतः इल्मेनाइट या जड खनिजाच्या बारीक कणांमुळे येतो आणि हे खनिज दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन किनाऱ्यावर साचते. रेनिसफ्याऱ्याला मात्र बेसॉल्ट स्वतःच वाळू आणि गोटे होऊन पसरलेला आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना येथील डोंगराच्या पायथ्याचे दगडी खांब फार ओळखीचे वाटतील. तप्त लाव्हा सावकाश निवताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगांनी सुटे झालेले पाच-सहा कोनांचे खांब तयार होतात. ही क्रिया दोन्हीकडे एकच आहे. गिल्बर्ट टेकडी मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्या तुलनेत हा डोंगर अगदी तान्हा म्हणावा लागेल, कारण तो हिमयुगात बर्फाखाली झालेल्या उद्रेकांतून उभा राहिला.

४. भारतातून जाण्यासाठी कोणता व्हिसा लागतो?

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठी चालणारा सामायिक व्हिसा, लागतो. आइसलँड युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण २००१ पासून तेथे शेंगेन व्यवस्था लागू आहे. एकाच प्रवासात अनेक देश पाहायचे असतील तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा आवश्यक असतो. उन्हाळ्यातील अर्जांची गर्दी लक्षात घेता शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नये.

५. कोणत्या महिन्यात जावे?

आपल्याला काय पाहायचे आहे त्यावर हे ठरते. जूनमध्ये सूर्य जेमतेम मावळतो आणि प्रकाश जवळजवळ रात्रभर असतो, त्यामुळे सावकाश फिरता येते. पक्षीही तेव्हाच असतात (प्रश्न १४). डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस चार-पाच तासांचा असतो, समुद्र अधिक खवळलेला असतो आणि रस्त्यावर बर्फ असतो. मात्र आकाश निरभ्र मिळाले तर ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाने मे अखेर ते सप्टेंबरचा पूर्वार्ध हा काळ निवडावा, असे माझे मत आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट करतो: उन्हाळा म्हणजे शांत समुद्र, हे समीकरण येथे चालत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, याच किनाऱ्यावर नऊ वर्षांची एक जर्मन मुलगी लाटेने ओढून नेल्यामुळे मरण पावली.

६. रेकयाविकहून एका दिवसात जाऊन परत येता येईल का? आणि गाडी चालवायची नसेल तर?

उन्हाळ्यात येता येते. एका बाजूचा प्रवास कुठेही न थांबता सुमारे अडीच तासांचा आहे. मात्र वाटेत सेल्यालांद्सफॉस आणि स्कोगाफॉस हे सुमारे ६० मीटर उंचीचे दोन धबधबे लागतात आणि तेथे थांबल्यावाचून कोणी पुढे जात नाही, तेव्हा संपूर्ण दिवस धरूनच चालावे. हिवाळ्यात मात्र वीकमध्ये मुक्काम करणेच योग्य, कारण अंधारात, बर्फाळ रस्त्यावर आणि वाऱ्यात परतीचा प्रवास करण्याची घाई अंगाशी येते. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, गावाबाहेरील डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर आहे आणि दिवसाही दिवे लावून गाडी चालवणे बंधनकारक आहे.

गाडी चालवायची नसेल तर रेकयाविकहून निघणाऱ्या दक्षिण किनाऱ्याच्या दिवसभराच्या सहली सोयीच्या आहेत. सार्वजनिक बस वीकपर्यंत पोहोचवते, रेनिसफ्याऱ्यापर्यंत नाही. वीकच्या गावकिनाऱ्यावरून पाण्याच्या कडेने चालत पलीकडे जाता येईल असे नकाशा पाहून अनेकांना वाटते. तसे मुळीच करू नये, कारण मध्ये डोंगराचा कडा थेट समुद्रात उतरलेला आहे. रस्त्याने हे अंतर सुमारे ११ किलोमीटर भरते.

७. या किनाऱ्याला इतके धोकादायक का म्हणतात? लाटा तर साध्याच दिसतात.

लाटा साध्या दिसतात हेच धोक्याचे मूळ आहे. दक्षिणेकडे अटलांटिक महासागर मोकळा पसरलेला आहे आणि हजारो किलोमीटरवरच्या वादळांत उठलेल्या लाटा कोणताही अडथळा न येता येथवर पोहोचतात. त्यांच्या दोन उसळ्यांमधील अंतर लांब असते, म्हणजेच प्रत्येक लाटेमागे पाण्याचा फार मोठा साठा पुढे सरकत असतो. किनाऱ्याजवळ समुद्रतळ झपाट्याने खोल होत जात असल्यामुळे दूर उथळ पाण्यात फुटून त्यांचा जोर ओसरावा, तसे होत नाही. तो जोर थेट किनाऱ्यावर येऊन आदळतो. अशा लाटा कधी एकमेकींत मिसळतात. मग पाच-दहा मिनिटे पायापासून दूरवर थांबणारे पाणी एकाएकी कितीतरी मीटर पुढे चढून येते. अशा लाटेला ना गर्जनेची पूर्वसूचना असते, ना वाऱ्याची. आकाश निळे असताना आणि वारा पडलेला असतानाही ती येते.

खरी कसोटी मात्र लाट परतताना लागते. किनाऱ्याचा उतार तीव्र आहे, त्यामुळे पाणी वेगाने मागे धावते आणि पायाखालचे गोटे व वाळू सोबत घेऊन जाते. घोट्यापर्यंतच्या पाण्यातही धडधाकट माणसाचा तोल जातो, कारण तो ज्यावर उभा आहे ती जमीनच सरकत असते. पडलेला माणूस उठण्यापूर्वी पुढची लाट त्याच्यावर येते. पाण्याचे तापमान हिवाळ्यात ५-६ अंश सेल्सिअस, तर उन्हाळ्यातही १०-११ अंशांच्या आसपास असते. अशा पाण्यात एकाएकी पडल्यावर श्वास अनावर होतो, आणि भिजून जड झालेल्या कपड्यांत हातपाय मारण्याची ताकद लवकरच संपते.

म्हणून तेथे पोहोचताच प्रथम वरच्या बाजूला उभे राहून निदान दहा मिनिटे समुद्र पाहावा. ओल्या गोट्यांची रेषा म्हणजे समुद्राने नुकतीच गाठलेली मर्यादा. तिच्याही मागे, ३० मीटरच्या आसपास अंतर ठेवून राहावे. आणि समुद्राकडे पाठ करून कधीही उभे राहू नये, छायाचित्रासाठीसुद्धा नाही. छायाचित्र काढणाऱ्याने समोरच्या माणसाच्या मागचा समुद्र पाहत राहावे, किंवा त्याहून चांगले, तिसऱ्या माणसाला केवळ समुद्रावर नजर ठेवायला सांगावे.

८. वाहनतळाजवळच्या रंगीत दिव्यांचा अर्थ काय?

लाटांची उंची, लांबी आणि भरती यांच्या अंदाजावर चालणारी ही सूचनायंत्रणा २०२२ मध्ये बसवण्यात आली. दिव्यासोबत किनाऱ्याचा नकाशा असलेला मोठा फलक आहे. हिरवा दिवा म्हणजे धोका कमी आहे, संपलेला नाही. पिवळा दिवा असताना नकाशावर पिवळ्या रंगाने दाखवलेल्या भागात जायचे नसते. लाल दिवा असताना फलकाच्या पुढे किनाऱ्यावर उतरायचे नसते. प्रश्न ५ मध्ये उल्लेख केलेल्या दुर्घटनेनंतर लाल दिवा पूर्वीपेक्षा कमी उंचीच्या लाटांनाही लागेल, अशी सुधारणा करण्यात आली.

लाल दिवा लागलेला असतानाही वीस-पंचवीस माणसे खाली फिरताना दिसतील. त्यांच्याकडे पाहून आपला निर्णय बदलू नये. दिवा समुद्राच्या अंदाजावर लागतो; ती माणसे मात्र एकमेकांकडे पाहून खाली उतरलेली असतात.

९. आम्ही कोकणातले, लहानपणापासून समुद्रात पोहणारे. ओहोटीच्या वेळी नुसते पाय बुडवले तर काय बिघडेल?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि याचे उत्तर सर्वांत ठामपणे द्यावे लागते: पाय बुडवू नयेत. आपल्याकडे दापोली-गुहागरच्या रुंद, संथ उताराच्या पुळणींवर ओहोटीला पाणी लांब जाते आणि लाटा दूरवर फुटून शांत होत येतात. उधाणाचे दिवस पंचांगावरून कळतात आणि पावसाळ्यात समुद्रापासून लांब राहायचे, हे घराघरांत ठाऊक असते. ते ज्ञान खरे आहे, पण ते त्या किनाऱ्याचे आहे. रेनिसफ्याऱ्याला भरतीच्या वेळी धोका वाढतो हे खरे असले, तरी ओहोटीने तो जात नाही, कारण येथील धोका मुख्यतः दूरवरून आलेल्या लांब लाटांचा आहे. पोहण्याचे कसबही उपयोगी पडत नाही, कारण गोट्यांवरून ओढले जाताना पोहण्यापुरते स्थिर पाणीच मिळत नाही. समुद्राला नमस्कार करायचा असेल तर तो वरूनच करावा. तो पोहोचतो.

१०. डोळ्यांदेखत कोणी पाण्यात ओढले गेले तर काय करावे?

मागोमाग पाण्यात उडी घेऊ नये. मन मानत नाही, विशेषतः आपले माणूस असेल तर, पण वाचवायला गेलेला माणूसही सापडण्याची शक्यता फार मोठी असते आणि मग शोधायला दोन माणसे होतात. तत्काळ ११२ या क्रमांकावर फोन करावा; तेथे इंग्रजीत बोलता येते. एकाने बुडणाऱ्यावरची नजर क्षणभरही न हटवता हाताने दिशा दाखवत उभे राहावे आणि जवळ तरंगणारे काही असेल तर ते दुसऱ्याने फेकावे. किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. आइसलँडमधील बचावपथके स्वयंसेवकांची आहेत. ही माणसे आपापली कामे टाकून धावत येतात, तरी त्यांना यायला वेळ लागतोच.

लाट आपल्या दिशेने येताना दिसली तर कडेने न पळता सरळ वर, जमिनीच्या दिशेने पळावे. पिशवी, कॅमेरा, चप्पल यांसाठी मागे वळू नये.

११. सोबत वयस्कर आई-वडील आणि लहान मुले आहेत. त्यांना न्यावे का?

अवश्य न्यावे. वाहनतळाजवळ उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे आणि तेथून समुद्र, सुळके व डोंगर यांचे दर्शन उत्तम होते. खालचे गोटे मात्र पायाखाली सरकतात. गुडघेदुखी असलेल्यांना शंभर पावलांतच दम लागतो, म्हणून काठी जवळ असावी. मुलांच्या बाबतीत एकच नियम पाळावा: किनाऱ्यावर असेपर्यंत मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हातात. लाट मागे हटली की तिच्या मागे धावायचे आणि ती आली की ओरडत परतायचे, हा मुलांचा जगभरचा आवडता खेळ येथे खेळू देऊ नये.

१२. कपडे कसे असावेत? वाऱ्याविषयी इतकी ताकीद का देतात?

वीक हे आइसलँडमधील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे आणि पाऊस बहुधा आडवा येतो. छत्री निरुपयोगी ठरते. पाणी व वारा अडवणारे जाकीट आणि विजार, आत लोकरीचा थर, कानटोपी, हातमोजे आणि घोटा सावरणारे बूट जुलैमध्येही जवळ असावेत.

गाडीचे दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरावे आणि शक्यतो गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी. वाऱ्याने दार उलटे वाकल्यास होणारे नुकसान भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात बहुधा धरले जात नाही. वाळूच्या वादळाने रंग खरवडला जाणे हाही असाच वेगळ्या विम्याचा विषय आहे. गाडी ताब्यात घेताना या दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात. वाहनतळाचे शुल्क लागते.

१३. ते दगडी खांब, गुहा आणि समुद्रातले सुळके यांची माहिती द्याल का?

वाहनतळावरून खाली उतरले की डावीकडे डोंगराच्या पायथ्याशी षट्कोनी खांबांची जणू वाद्यासारखी रचलेली भिंत दिसते. ते कसे बनले हे प्रश्न ३ मध्ये सांगितले आहे. त्यापुढे हाल्सानेफ्स नावाची गुहा आहे. तिच्या छतावरही तुटलेल्या खांबांची टोके मधाच्या पोळ्यासारखी दिसतात. समुद्र वर चढला की गुहेचे तोंड पाण्याने अडते आणि आत असलेल्यांना बाहेर पडायला वाट राहत नाही. शिवाय कड्यावरून दगड कोसळतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये डोंगराचा एक भाग ढासळल्याने किनाऱ्याचा पूर्वेकडील भाग बंद करावा लागला होता. म्हणून कड्याला टेकून बसणे आणि खांबांवर चढणे दोन्ही टाळावे.

समुद्रातील सुळक्यांना रेनिसद्राँगार म्हणतात आणि त्यांची उंची सुमारे ६६ मीटर आहे. लोककथा अशी सांगतात की, राक्षसांनी रात्री एक तीन डोलकाठ्यांचे गलबत किनाऱ्याकडे ओढत आणले. काम पुरे होण्याआधी उजाडले आणि सूर्यकिरण लागताच राक्षसांसह गलबताची शिळा झाली. पहाट झाल्यामुळे काम अर्धवट राहिल्याच्या कथा आपल्याकडच्या देवळांभोवतीही ऐकू येतात, त्यामुळे ही कथा ऐकताना परकी वाटत नाही.

१४. पफिन पक्षी दिसतील का?

साधारण मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दिसतात. काळा-पांढरा, नारिंगी चोचीचा हा पक्षी डोंगरउतारावरच्या गवतात बिळे करून घरटे करतो आणि उरलेले वर्ष खुल्या समुद्रावर काढतो. पश्चिमेकडील दिरहोलाएय हे उंच भूशिर त्यांच्यासाठी अधिक चांगले ठिकाण आहे, मात्र वीणीच्या काळात तेथे प्रवेशावर निर्बंध असतात. प्रवेशद्वारावरील सूचना पाळाव्यात.

१५. आठवण म्हणून दोन-चार गोटे आणले तर चालेल का?

आणू नयेत. दिवसाला हजारो माणसे येत असतील तर ‘दोन-चार’चा हिशेब कुठे जातो ते सहज कळते. गोट्यांचे मनोरे रचणेही तेथील लोकांना आवडत नाही.

१६. शाकाहारी जेवण मिळते का?

मिळते, पण निवड थोडी असते. भाज्यांचे सूप, पाव, पिझ्झा, बटाटे आणि चक्क्याच्या जवळ जाणारा ‘स्कीर’ यांवर दिवस निभावतो. कोकराच्या मांसाचे सूप फार प्रचलित असल्यामुळे ‘सूप’ एवढ्यावर न थांबता त्यात काय आहे ते विचारावे. वीकमध्ये किराणा दुकान आहे. थेपले, चिवडा, गूळपोळी जवळ असेल तर आणखी बरे. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

१७. वीकमध्ये मुक्काम केला आणि काटलाचा उद्रेक झाला तर?

काटलावर सतत देखरेख असते आणि धोक्याची सूचना भ्रमणध्वनीवर येते. गावामागच्या टेकडीवर लाल छपराचे एक चर्च आहे. पूर आल्यास उंचावरची ही जागा सुरक्षित राहील, या हिशेबाने गावकऱ्यांनी ते जमण्याचे ठिकाण ठरवले आहे. मुक्कामाला पोहोचल्यावर तेथवरची वाट एकदा चालून पाहावी. तेथून सुळकेही फार सुंदर दिसतात.

१८. आम्ही पोहोचलो तेव्हाच लाल दिवा असेल तर इतका प्रवास वाया जाईल का?

जात नाही. लाल दिव्याच्या दिवशी वरच्या भागातून दिसणाऱ्या लाटा हेच या जागेचे सर्वांत भव्य रूप आहे. त्यानंतर दिरहोलाएयला जावे. सुमारे १२० मीटर उंचीच्या त्या भूशिरावरून संपूर्ण काळा किनारा एका नजरेत मावतो आणि समुद्राने कोरलेली प्रचंड दगडी कमानही दिसते. वारा फार असेल तर तेथेही कड्याच्या टोकाशी जाऊ नये. वीकच्या गावकिनाऱ्यावर ‘येथे दिवा नाही, म्हणजे धोका नाही’ असे समजून अनेक जण पाण्याजवळ जातात. समुद्र तोच आहे, तेव्हा प्रश्न ७ मधील सर्व काळजी तेथेही घ्यावी.

१९. आम्हाला केवळ गोट्यांचा काळा किनारा पाहायचा आहे. छायाचित्रांत दिसणारा तो हाच का?

बहुधा तो द्युपालोन्सांदूर असावा. तो वीकजवळ नसून देशाच्या पश्चिमेला, स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावरील राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि तेथील झिलई केल्यासारखे काळे गोटे ‘द्युपालोनचे मोती’ म्हणून ओळखले जातात. ते उचलून नेण्यास मनाई आहे. किनाऱ्यावर गंजलेले लोखंडी तुकडे विखुरलेले दिसतील. ते १९४८ च्या मार्चमध्ये येथे फुटलेल्या ‘एपाइन’ या ब्रिटिश मासेमारी जहाजाचे अवशेष आहेत. त्यात १४ जण मरण पावले, म्हणून ते तुकडे हलवू नयेत. तेथे चार मोठे दगडही ठेवलेले आहेत: २३, ५४, १०० आणि १५४ किलोंचे. पूर्वी वल्ह्यांच्या होड्यांवर काम मागणाऱ्या खलाशांचे बळ ते उचलायला लावून पारखत असत, आणि ५४ किलोंचा दगडही न उचलणाऱ्याला होडीवर घेत नसत. आजही येणारे-जाणारे तेथे हात लावून पाहतात. पाठीचे दुखणे असलेल्यांनी २३ किलोंच्या दगडापाशीच थांबावे.